काय करायला हवं ते कळतं, पण करता येत नाही: बारामती-इंदापूरच्या रुग्णालयांतला 'नैतिक ताण' कुठून येतो?

नीरा नदी ओलांडली की बारामती तालुका मागे पडतो आणि सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका सुरू होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मृत्यूने राज्य हादरलं. तिने लिहून ठेवलेल्या मजकुरावरून एका पोलीस उपनिरीक्षकासह दोघांवर गुन्हा दाखल झाला आणि दोघांना अटक झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं. कोण दोषी, हे न्यायालय ठरवेल.

पण याच प्रकरणातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आरोपींची वैद्यकीय तपासणी आणि त्यांचे दाखले यांवरून आपल्यावर दबाव येतो, अशा लेखी तक्रारी या डॉक्टरने काही महिने आधीच केल्या होत्या. एखाद्या मृत्यूमागे एकच कारण असतं असं मानणं चूक आहे, आणि या प्रकरणात तर ते अन्यायाचंही ठरेल. तरीही त्या तक्रारींनी एक प्रश्न समोर ठेवला. तालुक्याच्या रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला आपल्या बुद्धीला आणि मनाला पटेल ते करणं किती शक्य असतं?

नर्सिंग आणि वैद्यकीय नीतिशास्त्रात याला एक नाव आहे, 'नैतिक ताण'. हा ताण म्हणजे काय, तो कशातून तयार होतो आणि बारामती-इंदापूरसारख्या भागात त्याची रूपं कोणती, ते पाहू.

नैतिक ताण म्हणजे नेमकं काय?

अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या कामावरच्या पुस्तकात ही संकल्पना मांडली. त्यांची मांडणी साधी होती. योग्य काय हे माणसाला ठाऊक असतं, पण संस्थेच्या अडचणी, नियम किंवा वरिष्ठांची मर्जी यामुळे ते करणं जवळपास अशक्य होतं. त्यातून जी घुसमट होते ती म्हणजे नैतिक ताण.

तीन जवळच्या गोष्टींपासून तो वेगळा ओळखावा लागतो.

पहिली गोष्ट थकवा. सलग ड्यूट्यांनी येणारा थकवा सुट्टीने काही प्रमाणात उतरतो. नैतिक ताण सुट्टीवर घरी गेल्यावरही सोबत येतो.

दुसरी गोष्ट पेच. दोन्ही बाजूंना योग्य वाटावं असं काही असतं आणि निवड कळत नाही, तेव्हा तो पेच. नैतिक ताणात निवड कळलेली असते, हात मात्र बांधलेले असतात.

तिसरी गोष्ट 'नैतिक इजा'. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना रुजवली. अधिकाराच्या जागी बसलेल्यांनीच विश्वासघात केला, ही भावना तिच्या मुळाशी असते.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. एलिझाबेथ एपस्टाइन आणि अ‍ॅन हॅमरिक यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक प्रसंग संपला तरी त्याचा थोडा गाळ मनात उरतो. पुढचा प्रसंग त्या गाळावर येऊन साचतो. म्हणून दहा वर्षं नोकरी केलेली सिस्टर एखाद्या 'किरकोळ' गोष्टीवर राजीनामा देते, तेव्हा कारण त्या एका गोष्टीत शोधून सापडत नाही.

कारण पहिलं: 'पुढे पाठवा'

२०११ च्या जनगणनेनुसार बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ८ लाख होती. आरोग्याची उतरंड इथे सगळीकडच्यासारखीच आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव त्याला देण्यात आलं. याशिवाय दोन्ही शहरांत खासगी रुग्णालयं आहेतच.

इंदापूर पुण्यापासून सुमारे १४० किलोमीटर, बारामती सुमारे १००. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो, त्यामुळे अपघाताचे रुग्ण हा इथला नेहमीचा भाग. आषाढात तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून पंढरीला जाते आणि काही दिवस आरोग्य यंत्रणेवरचा भार अनेक पटींनी वाढतो.

आता रात्री दोन वाजताची एक परिस्थिती कल्पून पाहा. डोक्याला मार लागलेला तरुण आला आहे. ड्यूटीवर एक डॉक्टर, दोन सिस्टर. न्यूरोसर्जन नाही. रुग्णाला पुढे पाठवणंच वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, यात वाद नाही. पण पुढच्या रुग्णालयात खाट आहे का, हे फोनवर नक्की कळत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेकडे राज्यभरासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या. एक गाडी पुण्याला गेली की ती परत येईपर्यंत काही तास तो भाग तिच्याविना राहतो.

डॉक्टर रेफर चिठ्ठी लिहितो. नातेवाईक म्हणतात, "तुम्ही फक्त पाठवायचंच काम करता का?" हा प्रश्न त्याला लागतो, कारण तोच प्रश्न त्याने स्वतःलाही विचारलेला असतो. कधी पुढे पाठवणं गरजेचं असतं. कधी मात्र उपचार इथे शक्य असूनही भूलतज्ज्ञ हजर नाही किंवा काही बिघडलं तर अंगावर येईल, म्हणून पाठवलं जातं. पहिल्या प्रकारात दुःख असतं. नैतिक ताण दुसऱ्या प्रकारातून येतो.

कारण दुसरं: मोफत उपचार आणि बाहेरची चिठ्ठी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा मोफत झाल्या. केसपेपरचे पैसेही बंद झाले. निर्णय चांगला होता. गरीब माणूस उंबऱ्यावरून परत जाऊ नये, हा त्याचा हेतू.

पण औषधाचा साठा संपला की काय होतं? डॉक्टरसमोर दोन वाटा उरतात. बाहेरची चिठ्ठी लिहून द्यावी, तर नियम मोडतो आणि मजुराच्या खिशाला कात्री लागते. न द्यावी, तर रुग्णाला कमी दर्जाच्या पर्यायावर ठेवावं लागतं. खरेदीचा निर्णय मुंबईत होतो आणि त्याचं उत्तर वॉर्डातल्या सिस्टरला द्यावं लागतं.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधं आणि मनुष्यबळ कमी पडल्याचा आरोप झाला. सरकारने औषधटंचाई नाकारली. त्यानंतर भेटीला आलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. त्यावरून गुन्हाही दाखल झाला. रुग्णालय अस्वच्छ असेल तर जाब विचारायलाच हवा. पण अपमानाचा तो व्हिडिओ राज्यभरातल्या वॉर्डांत पाहिला गेला. 'व्यवस्था कोलमडली तर कॅमेऱ्यासमोर आपणच उभे असू', हा संदेश प्रत्येक कर्मचाऱ्याने आपापला घेतला.

मनुष्यबळाचंही तसंच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत ५ मागे १. रात्रपाळीत एका सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असेल, तर कोणाकडे आधी जायचं हे तिला दर दहा मिनिटांनी ठरवावं लागतं. ज्याच्याकडे जाणं राहून गेलं तो रुग्ण तिच्या लक्षात राहतो.

कारण तिसरं: पैशाचं गणित

खासगी रुग्णालयांतला ताण वेगळ्या वाटेने येतो. तातडीच्या रुग्णाला जीवरक्षक उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला.

कागद भक्कम आहे. काउंटरवर मात्र अनामत रक्कम मागणारा कर्मचारी बसलेला असतो, आणि आत डॉक्टर रुग्णाची वाट पाहत असतो. आजार योजनेत बसत नाही, मंजुरी यायची आहे, रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, अशा कारणांनी तास जातात. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे १० लाखांची अनामत मागितल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला. तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना दिसला. काउंटरच्या आतल्या माणसांना तो रोज दिसतो.

याची उलटी बाजूही तितकीच छळते. अतिदक्षता विभागातला रुग्ण बरा होणार नाही, हे डॉक्टरला कळलेलं असतं. नातेवाईक जमिनीचा तुकडा विकून बिल भरत असतात. व्हेंटिलेटर काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मार्ग दाखवला आणि २०२३ मध्ये तो सोपाही केला, पण त्यासाठी दोन वैद्यकीय मंडळं लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ती बसवणं अवघड. मग बऱ्याचदा रुग्णाला 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध' घरी नेल्याची नोंद होते. तो सल्ला खरोखर विरुद्ध होता का, हे नोंद लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

कारण चौथं: सहीची किंमत

सरकारी डॉक्टर फक्त उपचार करत नाही. अपघात, मारामारी, विषबाधा, शवविच्छेदन, अटकेतल्या आरोपीची तपासणी, वयाचा आणि अपंगत्वाचा दाखला, या सगळ्यांवर त्याची सही लागते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. कोठडीत मारहाण झाली असेल तर ती नोंदली जावी, हा या तरतुदीचा गाभा. म्हणजे पोलिसांनी आणलेल्या माणसाच्या बाजूनेही डॉक्टरला उभं राहता आलं पाहिजे.

तालुक्याच्या गावात हे कठीण होतं, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. दाखला मागणारा पोलीस उद्या मारहाणीच्या प्रसंगी बंदोबस्ताला बोलवायचा असतो. फोन करणारा पुढारी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत समोर बसतो. 'जखम साधी लिहा', 'गंभीर लिहा', 'फिट लिहून द्या', अशी वाक्यं धमकीच्या सुरात येतातच असं नाही. बऱ्याचदा ती चहा घेताना येतात.

पुण्यात मे २०२४ मधल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. अशा बातम्यांत चर्चा होते ती वाकलेल्यांची. न वाकलेल्या डॉक्टरला बदली, चौकशी किंवा कामाच्या वाटपातली कुचंबणा सोसावी लागते. त्याची बातमी होत नाही.

कारण पाचवं: उसाच्या फडातून आलेली मुलगी

बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा. या साखर कारखान्यांच्या गाळपासाठी दरवर्षी बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबं येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात.

या कोप्यांवरून रुग्णालयात आलेली गर्भवती अनेकदा पहिल्यांदाच तपासली जात असते. रक्त कमी आहे, विश्रांती हवी, दाखल व्हायला हवं, हे डॉक्टरला पाच मिनिटांत कळतं. ती दुसऱ्या दिवशी फडात असेल, हेही कळतं. लोहाच्या गोळ्या देऊन तिला जाऊ देणं हा उपचार आहे की सोपस्कार, याचं उत्तर केसपेपरवर लिहायला जागा नसते.

आणि ती १६-१७ वर्षांची असेल तर? पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. लग्न झालेलं असलं तरी फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या बाबतीत अल्पवयीन मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीच्या बाबतीत प्रश्न तसाच राहतो. कळवलं तर नवरा तुरुंगात, बाळासह मुलगी उघड्यावर आणि तिच्या कोपीवरची पुढची मुलगी रुग्णालयात येणारच नाही, ही भीती. न कळवलं तर कायदा मोडला आणि बालविवाह झाकला, हा सल. इथे पेच आणि नैतिक ताण एकमेकांत गुंतलेले असतात.

कारण सहावं: दोष उतारावरून खाली येतो

भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागली आणि १० बाळं गेली. वरिष्ठांवर कारवाई झाली, तशी कंत्राटी परिचारिकांवरही झाली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यात एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना अटक झाली.

वैयक्तिक हलगर्जी झाली असेल तर ती तपासलीच पाहिजे. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, इमारतीची मंजुरी यांतलं काहीही परिचारिकेच्या हातात नसतं. अधिकार वर आणि जबाबदारी खाली, ही रचना असेल तर माणूस दोन गोष्टी शिकतो: तोंड बंद ठेवायचं आणि कागद पूर्ण ठेवायचे. कंत्राटी कर्मचाऱ्यांना हे जास्त लागू पडतं, कारण करार वाढवणारा आणि तक्रार ऐकणारा अधिकारी बऱ्याचदा एकच असतो. वॉर्डातल्या मावशी-मामांना तर 'तुम्हाला काय वाटतं' असं कोणी विचारतही नाही, जरी रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ तेच असले तरी.

कोविडचा गाळ

एप्रिल २०२० मध्ये बारामतीत राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक निर्बंध लागू झाले. त्याचं 'बारामती पॅटर्न' म्हणून कौतुकही झालं. वर्षभराने दुसरी लाट आली. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना रेमडेसिविर न देण्याची सशर्त शिफारस केली होती. तरीही एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक त्याच इंजेक्शनसाठी रांगा लावत होते आणि डॉक्टर चिठ्ठ्या लिहीत होते. न लिहिली तर 'उपचार केले नाहीत' असा ठपका बसणार होता.

त्याच महिन्यात बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. चौघांना अटक झाली. वॉर्डात प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांवर यातून दुहेरी ओझं पडलं. आपण दिलेलं इंजेक्शन खरं होतं का, हा संशय, आणि आपल्याकडे संशयाने पाहणारे नातेवाईक. लाट ओसरली, सत्कार झाले. मनातला गाळ मात्र कोणी उपसला नाही.

यात रुग्णाचं काय जातं?

नैतिक ताण हा केवळ कर्मचाऱ्यांचा प्रश्न नाही. असा ताण वर्षानुवर्षं सोसणारा माणूस बहुधा तीन वाटांपैकी एक धरतो. तो नोकरी सोडतो आणि रिकाम्या पदांत एकाची भर पडते. किंवा तो कोरडा होतो, म्हणजे रुग्ण 'खाट क्रमांक ७' होतो. किंवा तो बचावात्मक वागतो: जास्त तपासण्या, लवकर रेफर, कमी बोलणं. तिन्हींचा भुर्दंड शेवटी इंदापूरच्या शेतकऱ्याला आणि बारामतीच्या एमआयडीसीतल्या कामगारालाच पडतो.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक वेळी कर्मचाऱ्याला वाटतं तेच बरोबर असतं असं नाही. कधी वरिष्ठांकडे अधिक माहिती असते, कधी रुग्णाचा निर्णय डॉक्टरला न पटूनही मान्य करावाच लागतो. 'व्यवस्थाच अशी आहे' हे वाक्य स्वतःच्या उद्धटपणावर किंवा आळसावर पांघरूण म्हणूनही वापरलं जातं. म्हणून ताण जाणवला की तो खरा मानावा, आणि तो कशामुळे आला हे चौघांत बसून तपासावं.

काय करता येईल?

राज्यात २०१० पासून डॉक्टरांवरील हल्ल्यांविरोधी कायदा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. मात्र सुरक्षारक्षक आणि सीसीटीव्ही मारहाण रोखू शकतात, खोट्या दाखल्यासाठी येणारा फोन रोखू शकत नाहीत. योगशिबिर आणि समुपदेशन यांचीही मर्यादा तीच आहे. ज्याचं कारण साठ्यात, नेमणुकीत किंवा दबावात आहे, ते श्वासाच्या व्यायामाने जात नाही.

काही गोष्टी तालुक्याच्या पातळीवरही शक्य आहेत. दाखल्यांसाठी येणारी प्रत्येक तोंडी सूचना नोंदवहीत उतरवायची पद्धत पाडता येते. 'लेखी द्या' म्हणणं हा उद्धटपणा नाही, हे वरिष्ठांनी उघडपणे सांगायला हवं. दबावाची तक्रार रुग्णालय आणि स्थानिक पोलीस या दोन्हींच्या बाहेर, जिल्हा पातळीवर जावी आणि ठरलेल्या मुदतीत तिचं लेखी उत्तर मिळावं. रेफर करण्याआधी पुढच्या रुग्णालयातली खाट निश्चित करण्याची जबाबदारी एका ठरावीक कक्षाकडे असावी, एकट्या रात्रपाळीच्या डॉक्टरकडे नको. संपलेल्या औषधांची यादी रोज दर्शनी फलकावर लागली, तर सिस्टरला खोटं बोलावं लागणार नाही. आणि महिन्यातून एकदा डॉक्टर, परिचारिका, मावशी-मामा यांनी एकत्र बसून एका अवघड प्रसंगाबद्दल बोलावं, ज्यात कोणाची चौकशी नसेल. यांतल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

बारामतीत वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे आणखी एक संधी आहे. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यं आणि संवाद हा विषय २०१९ पासून आलेला आहे. दरवर्षी इथे प्रवेश घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांना रुग्णाशी कसं बोलावं हे शिकवलं जातं. चुकीची सही मागणाऱ्याशी कसं बोलावं आणि नकार दिल्यावर पाठीशी कोण उभं राहील, हेही त्यांना पहिल्या पोस्टिंगच्या आधी कळायला हवं. यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मिळत नाही. ते जिल्हा प्रशासनाला आणि आरोग्य खात्याला द्यावं लागेल.

(मनावरचा ताण असह्य होत असेल तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मराठीतूनही मदत मिळते.)